मागच्या रांगेतल्या वाद्याची कैफियत

व्हिएन्ना शहरात १८०८ च्या डिसेंबरात बेथोव्हेनची पाचवी सिंफनी प्रथम वाजली. या रचनेत तीन ट्रॉम्बोनवादक लागतात. पहिले तीन खंड ते वाद्य हाती धरून नुसते बसून राहतात. व्हायोलिनवाल्यांचे हात दुखून येतात, बासरीवाले दोनदा बोलून जातात, नगारेवाल्यालाही काम असते; हे तिघे मात्र मात्रा मोजत बसतात. चौथ्या खंडाला तोंड फुटते तेव्हा कुठे त्यांना वाद्याला ओठ लावायची मुभा मिळते. मग ते जो उजेड पाडतात तो असा की, आधीचे सारे त्याच क्षणासाठी चालले होते असे ऐकणाऱ्याला वाटावे. पण सिंफनी संपल्यावर श्रोता घरी नेतो ते पहिल्या खंडातले चार ठोके. त्या तिघांची आठवण फारशी कोणाला राहत नाही.

शाळामास्तराला हे दृश्य फार ओळखीचे आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, अंगाने थोराड, आवाजाने जाड अशी मुले असतात. मास्तर त्यांना कविता म्हणायला उठवीत नाहीत. जड बाक उचलायचे असले, संमेलनाचा मांडव घालायचा असला की त्यांची हाक होते. ट्रॉम्बोन हे वाद्यवृंदातले असेच मूल आहे. या मुलाला एकट्याला उभे करून कोणी दहा मिनिटे बोलू दिले तर ते काय बोलेल? पॉल हिंडेमिथ या जर्मन संगीतकाराने १९४१ साली ट्रॉम्बोन आणि पियानो यांच्यासाठी लिहिलेला सोनाटा हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे. या रचनेविषयी चार शब्द लिहिण्याचे कारण थोडे खासगी आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या व्याख्यानात मी या सोनाट्याची संभावना 'हिशेबी माणसाचे संगीत' अशी केली होती. श्रोते हसले आणि मीही सुखावलो. ते विधान आज मला पूर्णपणे नाही, तरी बरेचसे मागे घ्यायचे आहे.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रामुळे बेळगावकरांना पितळी वाद्यांचा ताफा नवा नाही. संचलनात पहिल्या रांगेत एक लांब नळी पुढे-मागे सरकवीत चालणारे जवान पुष्कळांनी पाहिले असतील. ते वाद्य ट्रॉम्बोन. पहिल्या रांगेत त्यांना स्थान मिळते ते मानाने नव्हे. सरकत्या नळीचा धक्का पुढच्याच्या पाठीत बसू नये म्हणून. ही नळी सात ठिकाणी थांबते. सातच का, याचे उत्तर आपल्या तानपुऱ्यापाशी आहे. खर्जाची तार छेडली की तिच्यातून आपोआप वरचा सा, मग पंचम, मग आणखी वरचा सा आणि मग तो प्रसिद्ध स्वयंभू गंधार उमटतो. पितळी नळीत फुंकले तरी निसर्ग हाच क्रम देतो. वादकाने ओठ आवळले की स्वर उडी मारून वरच्या पायरीवर जातो. मधले स्वर नळी देत नाही. आता सा आणि प यांच्या मधले स्वर मोजून पाहा : कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म. सहा झाले. पंचमापासून एकेक पायरी उतरत हे सहा स्वर मिळवायचे तर नळी सहा वेळा लांबवायला हवी. मिटलेल्या नळीची मूळ जागा धरून एकूण सात. या सात जागांवर खुणा केलेल्या नसतात. हार्मोनियमची पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो, तसे येथे नाही. हाताने अंदाज घ्यायचा आणि कानाने न्याय करायचा. या अर्थाने हे वाद्य त्याच्या पितळी भाऊबंदांपेक्षा सारंगीला अधिक जवळचे आहे.

एवढी सूक्ष्म शक्यता अंगी असलेल्या वाद्याला युरोपने कामे कोणती दिली? पंधराव्या शतकात जन्मलेले हे वाद्य प्रथम चर्चमध्ये गायकांच्या आवाजाला आधार देत राहिले. व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ साली छापलेल्या आपल्या प्रसिद्ध 'सोनाटा पियान ए फोर्ते'त त्याला मानाने वागवले. पुढे मात्र त्याच्यावर ठरावीक भूमिकांचा शिक्का बसत गेला. मोझार्टच्या 'डॉन जोव्हान्नी'त (१७८७) मेलेल्या माणसाचा पुतळा बोलू लागतो तेव्हा ट्रॉम्बोन वाजतात. त्याच्याच 'रेक्विएम'मध्ये अंतिम निवाड्याच्या दिवशीची तुतारी म्हणजे ट्रॉम्बोन. बेथोव्हेनने १८१२ साली चार ट्रॉम्बोनांसाठी लहान शोकरचना लिहिल्या. १८२७ मध्ये त्या त्याच्याच अंत्ययात्रेत वाजल्या. मृत्यू, देव, युद्ध आणि क्वचित विदूषकी घसरगुंडी एवढेच या वाद्याचे जग. फर्डिनांड डाव्हिटच्या १८३७ च्या कॉन्चेर्तिनोसारखे काही अपवाद सोडले, तर एकोणिसाव्या शतकातल्या थोर मंडळींनी पियानोसाठी, व्हायोलिनसाठी, चेलोसाठी सोनाट्यांचे भांडार रचले आणि ट्रॉम्बोनच्या वाट्याला जवळजवळ काहीच ठेवले नाही.

ही उणीव भरून काढायचे हिंडेमिथने मनावर घेतले. १९३५ पासून १९५५ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, तो एकेका वाद्याला पियानोच्या जोडीला बसवून सोनाटे लिहीत राहिला. बासरी १९३६, ओबो आणि बसून १९३८, क्लॅरिनेट, हॉर्न आणि ट्रम्पेट १९३९, इंग्लिश हॉर्न आणि ट्रॉम्बोन १९४१, डबल बास १९४९ आणि शेवटी अवाढव्य ट्यूबा १९५५. हजेरीपट घेऊन बसलेल्या मास्तराने एकाही मुलाचे नाव गाळू नये, असा हा प्रकार आहे. यातली बरीच वाद्ये त्याला स्वतःला थोडीफार वाजवता येत. मूळचा तो व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणारा. वयाच्या विशीतच फ्रँकफुर्टच्या ऑपेरात वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक झालेला. पहिल्या महायुद्धात त्याचा बाप मारला गेला आणि तो स्वतः पलटणीच्या बँडमध्ये मोठा ढोल बडवीत होता. मागच्या रांगेतून संगीत कसे ऐकू येते, हे त्याला माहीत होते.

ही सोनाटमाला ज्या काळात लिहिली गेली तो काळही ध्यानात घ्यायला हवा. १९३४ च्या मार्चमध्ये त्याची 'माथिस डेर मालर' ही सिंफनी बर्लिनमध्ये फुर्टव्हेंगलरच्या हाताखाली वाजली आणि गाजली. पण नाझी राजवटीच्या डोळ्यांत हिंडेमिथ सलत होता. त्याची बायको अंशतः ज्यू वंशाची, तो स्वतः ज्यू सहकाऱ्यांबरोबर वाजवणारा आणि त्याच्या तरुणपणच्या काही रचना त्या मंडळींना अश्लील वाटणाऱ्या. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फुर्टव्हेंगलरने वर्तमानपत्रात लेख लिहून त्याची बाजू घेतली. डिसेंबरात गोबेल्सने जाहीर भाषणात त्याच्यावर कोरडे ओढले. १९३६ मध्ये त्याच्या रचना वाजवण्यावर बंदी आली. १९३८ साली ड्युसेलडॉर्फला 'भ्रष्ट संगीता'चे जे प्रदर्शन भरवले गेले त्यात त्याचे नाव होते. त्याच साली तो स्वित्झर्लंडला गेला, १९४० च्या फेब्रुवारीत अमेरिकेला पोहोचला आणि येल विद्यापीठात शिकवू लागला. ट्रॉम्बोनचा सोनाटा हा या परमुलुखातल्या सुरुवातीच्या काळातला आहे. तेव्हा त्याने पंचेचाळिशी गाठलेली होती. भाषा नवी, विद्यार्थी नवे आणि मागे राहिलेला देश आगीत.

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. 'सोनाटा' हा इटालियन शब्द वाजवणे या क्रियापदापासून आला आहे. गायचा तो कांटाटा, वाजवायचा तो सोनाटा. आपल्या कानाला येथे एक अडचण येते. वाद्य आणि पियानो म्हटले की आपण साथसंगत गृहीत धरतो. मुख्य कलाकार पुढे, पेटीवाला मागे, आणि पेटीवाल्याचे काम म्हणजे कलाकाराच्या जागा उचलणे. हिंडेमिथचा पियानो असली साथ करीत नाही. त्याला जुगलबंदी म्हणावे तर तेही पुरते खरे नाही, कारण जुगलबंदीत शेवटी दोघे एका समेवर येतात याची श्रोत्याला खात्री असते. येथे ती खात्री दहा-अकरा मिनिटे टांगणीला लागलेली असते.

रचनेचे खंड चार. पहिल्या खंडावर संगीतकाराने सूचना लिहिली आहे ती 'मध्यम द्रुत, भारदस्त' अशा अर्थाची. ट्रॉम्बोन प्रस्तावना न करता थेट बोलू लागतो. लांब, रुंद स्वर, मोठ्या उड्या आणि दवंडी पिटल्यासारखा घोष. हिंडेमिथला सा ते म हे अंतर फार प्रिय आहे, आणि या अंतराचा स्वभावच पुकाऱ्याचा आहे. पियानो खाली जड स्वरसंघातांच्या राशी घालतो आणि आपल्या वेगळ्याच लयीच्या ओघात चालतो. ट्रॉम्बोन घोषणा करतो आहे आणि पियानोला ती ऐकून घ्यायला सवड नाही, असे काहीसे ते चित्र आहे.

दुसरा खंड 'अलेग्रेत्तो ग्रात्सिओसो', म्हणजे हलक्या चालीचा, नाजूक. माझे मत बदलले ते या खंडाने. येथे पियानो आपली एक सुबक, किंचित लाडिक चाल मांडतो आणि मग तीच निरनिराळ्या नक्षीने मढवून पुन्हा पुन्हा सांगतो. ट्रॉम्बोन मध्येच आपले छोटेसे वाक्य बोलतो आणि थांबतो. मग पुन्हा पियानोची नक्षी. मग पुन्हा ट्रॉम्बोनचे तेच म्हणणे. पहिल्या ऐकण्यात मला हा खंड किरकोळ वाटला होता. सोनाटा ट्रॉम्बोनचा आणि ट्रॉम्बोनलाच काम नाही, अशी मी थट्टाही केली होती. नंतर ध्यानात आले की थट्टेचा विषय हाच या खंडाचा आशय आहे. दिवाणखान्यात सुशिक्षित मंडळी रंगून बोलत आहेत. कोपऱ्यातला एक थोराड माणूस संधी मिळेल तेव्हा आपले एकच वाक्य म्हणतो. कोणी त्याला अडवीत नाही, कोणी त्याला उत्तरही देत नाही. तो चिडत नाही. आवाज चढवणे त्याला सहज शक्य आहे, कारण या वाद्याला मनात आणले तर पियानो बुडवता येतो. पण तो आवाज चढवीत नाही. ताकद असून ती न वापरणे याला सभ्यता म्हणतात. पितळी वाद्याच्या संगीतात ही सभ्यता मी अन्यत्र फारशी ऐकलेली नाही.

तिसऱ्या खंडाला मात्र नाव आहे : 'लीड डेस राउफबोल्ड्स'. 'राउफबोल्ड' म्हणजे भांडण उकरून काढणारा, दंड थोपटत हिंडणारा माणूस. आपल्याकडे त्याला 'दांडगेश्वर' म्हणता येईल. तर हे दांडगेश्वराचे गाणे. चाल द्रुत आणि जड. ट्रॉम्बोन येथे छाती काढून, पाय आपटीत, गुत्त्यातल्या बढाईखोरासारखा गातो. मागल्या खंडात गप्प बसवलेला तोच हा का? की लोकांच्या मनातला ट्रॉम्बोन, म्हणजे सरबराई नसलेला, आडदांड, हे सोंग त्याने मुद्दाम घेतले आहे? मला दुसरा अर्थ अधिक पटतो. वर्गाने ज्या मुलाला 'दांडगट' ठरवले ते मूल एक दिवस खरोखरच दांडगटपणा करून दाखवते. त्यात राग असतो तसा विनोदही असतो, आणि विनोद कोणाच्या अंगावर उलटतो हे सांगणे कठीण असते.

या शीर्षकाने काही ऐकणाऱ्यांना एक मोह पडतो. १९४१ साल, देशोधडीला लागलेला जर्मन संगीतकार आणि 'दांडगेश्वर' हे नाव. मग हा दांडगेश्वर म्हणजे नाझी सैनिक, आणि सोनाटा म्हणजे युद्धाचे रूपक! असा अर्थ लावला की लेखाला वजन येते. परंतु मला तो ऐकू येत नाही. हे गाणे भीतिदायक नाही. हे जुन्या काळच्या तलवारबहाद्दराचे गाणे आहे, हसत हसत ऐकावे असे. ज्याने खरे गुंड पाहिले होते, त्याने त्यांच्यासाठी एवढे खेळकर संगीत लिहिले असेल असे मानणे त्याच्यावर अन्याय होईल. कलाकृतीवर तिच्या जन्मसालाचे ओझे लादण्यापूर्वी टीकाकाराने कानांचे ऐकावे. काळाची खूण या रचनेत आहे, पण ती वेगळीकडे आहे.

ती आहे चौथ्या खंडात. येथे पहिल्याच खंडाची सूचना पुन्हा येते : मध्यम द्रुत, भारदस्त. पहिल्या खंडातला आवेश आणि सामग्री परत येते, आणि शेवट पूर्ण दमाने, भरल्या आवाजात होतो. ढोबळ नजरेने पाहता हा विजयाचा शेवट आहे. पण विजय कशावर? पियानोने काही कबूल केलेले नाही. कोणी हरलेले नाही. ट्रॉम्बोन फक्त जे पहिल्यांदा म्हणत होता तेच शेवटीही म्हणतो. मधल्या काळात त्याला कोणी ऐकून घेतले नाही, त्याने सोंगही आणून पाहिले, आणि आता तो आपल्या मूळ वाक्यावर परत आला आहे. मला येथे विजय ऐकू येत नाही, चिवटपणा ऐकू येतो. सारे उधळले गेले असताना माणूस आपली रीत सोडत नाही, रोज सकाळी उठून तीच घोकतो, त्या जातीचा हा चिवटपणा आहे. दुसऱ्या मुलखात आपल्या भाषेचा दिवा लावून बसलेल्यांना हा स्वर समजायला अवघड जाऊ नये.

आता माझ्या जुन्या आक्षेपाकडे येतो. हिंडेमिथवर कोरडेपणाचा आरोप नवा नाही. तो फार लिहितो, फार सफाईने लिहितो, कारागीर आहे, कलावंत नव्हे, असे त्याच्याविषयी बोलले जाते. आरोपाला त्याने स्वतःच थोडे खाद्य पुरवले. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत 'गेब्राउख्स-मुसिक' म्हणजे उपयोगाचे संगीत ही कल्पना बोलली जाऊ लागली आणि तिच्याशी त्याचे नाव जोडले गेले. हौशी वादकांना, शाळकरी मुलांना वाजवता येईल, गरजेला उपयोगी पडेल असे संगीत. १९३० मध्ये त्याने मुलांसाठी 'आपण गाव बांधू या' अशा अर्थाच्या नावाचे एक संगीतनाट्य लिहिले. पुढे हे लेबल त्याला इतके चिकटले की त्यालाच त्याचा वीट आला.

मराठी वाचकाला हा वाद परका नाही. फडके आणि खांडेकर यांच्या नावाने आपण 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फड कित्येक वर्षे रंगवला. त्यातले खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवीत होते, हा योगायोग नव्हे असे मला नेहमी वाटत आले आहे; ज्याच्यासमोर रोज चाळीस मुले बसतात, त्याला 'हे कशासाठी?' हा प्रश्न टाळता येत नाही. पण आपल्या त्या वादात 'जीवनासाठी' म्हणजे उपदेशासाठी असा अर्थ होऊन बसला. हिंडेमिथचा उपयोग वेगळ्या जातीचा आहे. १९३६ च्या जानेवारीत तो वाजवण्यासाठी लंडनला गेला असता राजे पंचम जॉर्ज वारले. ठरलेला कार्यक्रम रद्द झाला. त्याने बीबीसीच्या एका खोलीत बसून काही तासांत व्होयला आणि तंतुवाद्यांसाठी 'ट्राउअरमुसिक' ही शोकरचना लिहिली आणि त्याच संध्याकाळी स्वतः वाजवली. ती ऐकताना कोणाला घाईचा वास येणार नाही. गरज पडली, हात तयार होता, दुःख खरे होते. कारागिरी आणि कला यांच्यामध्ये जी भिंत आपण उभी करतो ती या माणसाला दिसतच नव्हती.

या कारागिरीमागे एक विचार आहे. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या रचनाशास्त्रावरील ग्रंथात त्याने एका मूळ स्वरातून निघणाऱ्या स्वयंभू स्वरांच्या आधारे बाराही स्वरांची नातीगोती लावली. सा चा सर्वांत जवळचा प, मग म, आणि अगदी शेवटी, सर्वांत दूरचा, तीव्र म. शोनबर्ग आणि त्याचे शिष्य बाराही स्वरांना समान हक्क देत असताना हिंडेमिथने षड्जाचे घर मोडायला नकार दिला. त्याच्या संगीतात षड्ज फिरता आहे, पण आहे. नवे पाश्चात्त्य संगीत ऐकताना आपले जे कान भांबावतात त्यांना येथे धरायला काही तरी सापडते ते यामुळे. आणि ट्रॉम्बोन हे तर या सिद्धान्ताचे चालतेबोलते उदाहरण, कारण त्याची नळीच स्वयंभू स्वरांवर चालते. सिद्धान्त आणि वाद्य यांचे गोत्र असे जुळले की रचनेत एक घट्टपणा येतो. ज्याला मी 'हिशेब' म्हटले होते ते वास्तविक हे गोत्र होते.

तरीही माझा सगळा आक्षेप मी मागे घेत नाही. पहिल्या खंडात पियानोवर स्वरांची गर्दी काही ठिकाणी एवढी होते की, ट्रॉम्बोनचे बोलणे आणि पियानोचे न ऐकणे यांतले नाट्य पुसट होऊन नुसता गलबला उरतो. वादक कच्चे असले तर हा दोष दुप्पट जाणवतो. दुसरे असे की, या वाद्याची सर्वांत स्वतःची शक्ती जी मींड, तिच्यावर ही रचना उभी केलेली नाही. घसरता स्वर विदूषकी समजला जाण्याच्या भीतीने संगीतकाराने तिच्याकडे पाठ फिरवली असावी. किराणा घराण्याच्या गायकीवर ज्यांचे कान घडले, त्यांना दोन स्वरांमधली जागा रिकामी वाटत नाही. तेथेच सारे घडते. हिंडेमिथ त्या जागेवरून पाऊल टाकून पुढे जातो. हा त्याच्या परंपरेचा भाग आहे, दोष नव्हे, हे मला समजते. पण सात खुणाविरहित जागांमधून सरकणारी ती नळी पाहिली की एक संधी हुकली अशी हळहळ वाटते.

सोनाटा ऐकायचा तर कोणाचा ऐकावा? कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड याने हिंडेमिथचे पितळी वाद्यांचे सगळे सोनाटे ध्वनिमुद्रित केले. ती तबकडी १९७६ मध्ये निघाली. बाखचा अधिकारी म्हणून जगभर नावाजलेल्या वादकाने ट्यूबा आणि ट्रॉम्बोनच्या शेजारी बसावे, ही गोष्टच बोलकी आहे. ट्रॉम्बोन हेन्री चार्ल्स स्मिथ यांचा आहे. गूल्ड साथीला बसलेला नाही. त्याची बोटे प्रत्येक धागा निराळा काढून दाखवतात, त्यामुळे पहिल्या खंडातली मी म्हटलेली गर्दी येथे बरीच पांगते. दुसऱ्या खंडात त्याची नक्षी इतकी निवांत आहे की ट्रॉम्बोनचे एकटेपण अधिकच उघडे पडते. हिंडेमिथ १९६३ च्या डिसेंबरात वारला, त्यामुळे त्याला हे ऐकायला मिळाले नाही. आज ट्रॉम्बोनचे शिक्षण घेणारा जगातला कोणताही गंभीर विद्यार्थी या सोनाट्यावरून गेल्याशिवाय पुढे जात नाही. 'उपयोगाचे संगीत' म्हणून ज्याला हिणवले ते असे उपयोगी पडते आहे.

मी ही रचना प्रथम ऐकली ती लष्करी वाद्यवृंदात वाजवणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने आणून दिली म्हणून. शाळेत असताना तो शेवटच्या बाकावर बसे. त्याचे अक्षर वाईट होते आणि मराठीच्या तासाला तो क्वचितच तोंड उघडी. तबकडी देताना तो एवढेच म्हणाला, "सर, दुसरा भाग नीट ऐका." मी पहिला भाग ऐकून मत बनवले आणि व्याख्यान ठोकले. दुसरा भाग नीट ऐकायला मला पुढे कित्येक वर्षे लागली. तो काय सांगत होता ते आता कळले आहे, आणि हे लिहून झाल्यावर या अंकाची एक प्रत त्याच्या पत्त्यावर पाठवायची आहे.